गावाच्या स्मृतीचे घर

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. तिच्या दक्षिण तीरावर गेवराई तालुका पसरला आहे आणि तलवाडा हे याच तालुक्यातील एक गाव. डोंगरावरील त्वरितादेवीच्या जुन्या मंदिरामुळे पंचक्रोशीला ते परिचित आहे. याच तालुक्यात गोदाकाठी राक्षसभुवन आहे आणि महानुभाव पंथीयांना पूज्य असलेले पांचाळेश्वरही आहे. महाराष्ट्राच्या इतिहासग्रंथांत या परिसराला एखाददुसऱ्या परिच्छेदाचे स्थान मिळते. पुष्कळ गावांना तेवढेही मिळत नाही. मग अशा गावांचा इतिहास कोठे असतो? आणि तो जपण्याचे काम कोणी करावयाचे? या प्रश्नाचे उत्तर गावच्या सार्वजनिक वाचनालयापाशी येऊन थांबते, असे मला वाटते. ते का, हे या लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम राक्षसभुवनाचेच उदाहरण घेऊ. १० ऑगस्ट १७६३ रोजी येथे पेशवे आणि निजाम यांच्यात मोठी लढाई झाली. त्याच वर्षी निजामाच्या फौजेने पुणे लुटून जाळले होते. त्यानंतर पावसाळ्यात औरंगाबादकडे परतताना निजामअली निम्म्या सैन्यासह गोदावरी ओलांडून पलीकडे गेला. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडच्या तीरावर राहिला. नदीला पूर होता. अठरा वर्षांच्या माधवरावांनी आणि राघोबादादांनी नेमकी हीच वेळ साधली. विठ्ठल सुंदर मारला गेला आणि पुढील तहात निजामाला ८२ लक्षांचा मुलूख द्यावा लागला. पानिपतानंतर अवघ्या अडीच वर्षांनी मराठ्यांची सत्ता पुन्हा सावरली, ती या तीरावर.

हा झाला दफ्तरातील इतिहास. तो पुण्यात जपला गेला, कारण लढणाऱ्यांची दफ्तरे तेथे होती. परंतु ज्यांच्या शेतांतून घोडदळ गेले त्यांच्या उभ्या पिकाचे काय झाले, पुरात वाहून आलेल्यांचे अंत्यविधी कोणी केले, गावे उठून गेली असतील तर ती पुन्हा कधी वसली, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही राजदफ्तराने आस्थेने नोंदविलेली नाहीत. राज्याचा इतिहास राज्य लिहिते; गावाचा इतिहास गावाने लिहिला नाही तर तो कोणीच लिहीत नाही.

वास्तविक हे काम आपल्या प्रदेशाला नवे नाही. मराठीतील आद्य चरित्रग्रंथ म्हणून ज्याचा गौरव होतो, तो ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ तेराव्या शतकाच्या अखेरीस कसा सिद्ध झाला, ते आठवावे. श्रीचक्रधरस्वामींच्या वियोगानंतर म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांकडून स्वामींच्या आठवणी ऐकल्या. तेवढ्यावर न थांबता ते गावोगावी गेले आणि ज्यांनी प्रसंग प्रत्यक्ष पाहिले होते त्यांना विचारून त्यांनी त्या पडताळून घेतल्या. साक्षीदार गाठावा, त्याला विचारावे, दुसऱ्याच्या सांगण्याशी ताडून पाहावे आणि मग लिहावे, ही शिस्त सातशे वर्षांपूर्वी मराठी भाषेत अवतरली होती. याच पंथाच्या ‘स्थानपोथी’त तर स्वामींचे वास्तव्य झालेल्या गावांतील देवळे, मठ, दरवाजे आणि त्यांच्या दिशा यांचे बारकाईने वर्णन आहे. गावाच्या इतिहासाची नोंदवही कशी असावी, याचा हा एक उत्कृष्ट नमुनाच होय.

पण याच ग्रंथाच्या कथेत एक इशाराही दडलेला आहे. सैन्याच्या धामधुमीत ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत नाहीशी झाली आणि पंथीयांच्या पाठांतरातून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला. त्या पाठांपैकी एक पाठ हिराइसा या स्त्रीच्या स्मरणाशी जोडला जातो. पुढे पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहून मठांत जपले. त्यामुळे ते वाचले हे खरे. पण विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे आदींच्या प्रयत्नांनी त्या लिपीची उकल होईपर्यंत मराठी समाज आपल्या या ठेव्याला पारखाच राहिला होता. एकच प्रत असणे धोक्याचे असते. आणि कोणालाच न दाखविता जपणे हेही एका परीने हरवणेच असते.

बीड जिल्ह्यातील आणखी दोन उदाहरणे पाहू. अंबाजोगाईचे दासोपंत (१५५१–१६१५) यांनी कागद पुरेना म्हणून की काय, कापडावर ग्रंथ लिहिला. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशी ही ‘पासोडी’ त्यांच्या वंशजांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. दुसरे उदाहरण ज्ञानेश्वरीचे. राजवाडे यांना बीडच्या पाटांगण येथे ज्ञानेश्वरीची एक जुनी प्रत मिळाली आणि तिच्या आधारे त्यांनी १९०९ साली आपली सुप्रसिद्ध आवृत्ती प्रकाशित केली. दोन्ही वस्तू टिकल्या त्या कोणा एका घराच्या किंवा मठाच्या निष्ठेमुळे. अशा निष्ठेपुढे मस्तक नमवावे. परंतु प्रत्येक घरात अशी निष्ठा तीन-चार शतके टिकेलच, याची हमी कोण देणार? ज्या घरांत ती टिकली नाही, त्या घरांतील रुमालांत बांधलेली पाने कसर आणि वाळवी यांनी केव्हाच फस्त केली. त्यांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत.

आपल्या ख्रिस्ती समाजाच्या इतिहासातही हेच घडले आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे सुमारे ११,००० ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज जगात कोठे असल्याचे ज्ञात नाही. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेवर बंदी घातली. मग हा ग्रंथ वाचला कसा? गोव्यातून मंगळूर परिसरात जाऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांनी हाताने उतरवून घेतलेल्या प्रती घरोघरी जपल्या आणि त्यांच्याच आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे तो पुन्हा छापला. देवनागरी लिपीतील एक हस्तलिखित लंडनमधील मार्सडेन संग्रहात होते. तेही विसाव्या शतकात उजेडात आले. शांताराम बंडेलू यांनी संपादिलेली देवनागरी आवृत्ती १९५६ साली निघाली. छापलेला ग्रंथ नष्ट झाला आणि हाताने उतरविलेला टिकला, याचे कारण एकच. उतरवून घेणारे हात अनेक होते आणि ते वेगवेगळ्या गावांत होते.

आता वाचनालयाकडे वळू. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा आरंभ लवकर झाला. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, बीडच्या शेजारील अहमदनगरचे (आताच्या अहिल्यानगरचे) १८३८ चे आणि नाशिकचे १८४० चे. मराठवाडा मात्र निजामाच्या राज्यात होता. तेथे राज्यकारभाराची आणि शाळांची भाषा उर्दू होती आणि सार्वजनिक सभा-संमेलनांवर कडक निर्बंध होते. परभणीचे गणेश वाचनालय १९०१ साली स्थापन झाले आणि राजधानी हैदराबादेत मराठी ग्रंथ संग्रहालय १९२२ साली. त्या काळी मराठी वाचनालय म्हणजे केवळ पुस्तकांची देवघेव नव्हती. मराठी माणसाला आपल्या भाषेत चार शब्द बोलता यावेत अशी ती जागा होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, त्या लढ्याची मानसिक तयारी ज्या ठिकाणी झाली त्यांत वाचनालयांचा वाटा मोठा आहे.

स्वातंत्र्यानंतर हैदराबाद राज्याने १९५५ साली आणि महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. त्यामुळे खेड्यापाड्यांत वाचनालये उभी राहिली, त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि त्यांनुसार अनुदान मिळू लागले. या योजनेचे ऋण मान्य करूनही एक उणीव सांगितली पाहिजे. ग्रंथांची संख्या, नियतकालिकांची संख्या, वाचकांची संख्या असा हिशेब प्रामुख्याने होतो. त्या हिशेबात बाजारात मिळणारी हजार पुस्तके मोजली जातात. पण गावातील एखाद्या वृद्धेने सांगितलेली १९७२ च्या दुष्काळाची हकीकत मोजली जात नाही. पुस्तक तर दुसऱ्या कोणत्याही गावी मिळेल. ही हकीकत मात्र त्याच गावात आहे आणि ती वृद्धा आहे तोवरच आहे.

मराठवाड्यात ही निकड अधिक तीव्र आहे. येथील एखाद्या घरातील जुनी पेटी उघडली तर जमिनीचा कागद उर्दूत, पणजोबांचे पत्र मोडीत आणि पोथी बाळबोधीत सापडते. नातवाला यांपैकी फक्त बाळबोध वाचता येते. म्हणजे घराचा दोन तृतीयांश इतिहास घरात असूनही बंद आहे. २०२३ साली मराठा आरक्षणाच्या आंदोलनाच्या ओघात निजामकालीन नोंदी तपासण्यासाठी शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा जुनी उर्दू आणि मोडी कागदपत्रे वाचणाऱ्यांचा शोध घ्यावा लागला. त्या प्रश्नाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु ज्या कागदाला रद्दी समजून आपण कोपऱ्यात टाकतो, त्याच्यावर उद्या कोणाचे तरी भवितव्य अवलंबून असू शकते, एवढा धडा त्या घटनेने सर्वांना दिला आहे.

बीड जिल्ह्याचा आणखी एक इतिहास आहे. तो अद्याप नीट लिहिलाच गेलेला नाही. १९५० च्या सुमारास प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढे पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग उभी राहिली. दसरा-दिवाळीनंतर बीडमधील हजारो कुटुंबे उचल घेऊन, कोयता आणि भांडीकुंडी बांधून ऊसतोडीला जाऊ लागली. आजही जातात. सहा-सहा महिने अर्धे गाव ओस पडते. कोणत्या वर्षी कोण कोठल्या कारखान्यावर गेले, कोणते मूल फडात जन्मले, उचल किती होती आणि ती फिटली की नाही, हे मुकादमाच्या वहीत थोडेफार असते. ज्यांनी ते भोगले त्यांच्या हातची नोंद मात्र कोठेच नाही. राक्षसभुवनच्या लढाईत शेतकऱ्यांची नोंद राहिली नाही, म्हणून आपण हळहळतो. आपल्या डोळ्यांदेखत तीच चूक पुन्हा होत असेल, तर पुढची पिढी आपल्याला काय म्हणेल?

म्हणून तलवाड्यासारख्या गावातील वाचनालयाने एक कपाट गावासाठी राखून ठेवावे. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. जुन्या छायाचित्रांच्या मागे नावे आणि वर्ष पेन्सिलने लिहावे. मूळ कागद मालकाच्या घरीच राहू द्यावा, पण त्याची प्रत वाचनालयात आणि आणखी एक प्रत दुसऱ्या गावी असावी. शाळेतील मुलांनी वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारावेत आणि म्हाइंभटांप्रमाणे एकाचे सांगणे दुसऱ्याशी ताडून पाहावे. मंदिर, मशीद, बुद्धविहार, चर्च आणि वस्ती या सर्वांच्या नोंदी त्याच कपाटात शेजारी-शेजारी असाव्यात. गावातील ज्या वस्तीचे नाव त्या कपाटात नाही, तिला गावाने अजून आपले म्हटलेले नाही, असे समजावे. आणि वर्षातून एकदा, १७ सप्टेंबरला म्हणा किंवा गावच्या जत्रेत, ते कपाट सर्वांसमोर उघडावे. तेथे आपल्या आजीचे नाव पाहणाऱ्या मुलाला इतिहास हा विषय पुन्हा कधी परका वाटणार नाही.

या कामी आपल्या धर्मग्रामांनाही हातभार लावता येईल. १५६३ साली ट्रेन्टच्या धर्मपरिषदेने विवाहांची नोंद ठेवण्याचा दंडक घातला, तेव्हापासून नोंदवही हा धर्मग्रामाच्या जीवनाचा भाग झाला. औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ साली स्थापन झाला, परंतु मराठवाडा आणि नगर भागातील मिशनकार्य त्याहून पुष्कळ जुने आहे. स्नानसंस्काराच्या आणि विवाहाच्या त्या नोंदींत ज्यांची नावे इतर कोणत्याही दफ्तरात शोधून सापडणार नाहीत, अशी माणसे आहेत. दुष्काळात कोण कोठून आले, कोणत्या गावी स्थिरावले, याच्या खुणा तेथे मिळतात. या वह्या खाजगी असतात आणि त्यांचे पावित्र्य राखलेच पाहिजे. तथापि आपल्या कुटुंबाची हकीकत लिहून ती गावाच्या वाचनालयात ठेवण्यास कोणाचाच प्रत्यवाय नसावा. मंगळूरच्या कुटुंबांनी ‘क्रिस्तपुराण’ उतरवून घेतले, तेव्हा आपण इतिहास वाचवीत आहोत, असे त्यांना बहुधा वाटलेही नसेल. प्रार्थनेसाठी लागणारे पुस्तक त्यांनी लिहून घेतले, एवढेच.

वाचकहो, येत्या सुटीत घरी सारी मंडळी जमतील, तेव्हा एक वही घ्या. सर्वांत वयस्कर व्यक्तीशेजारी बसा आणि तिचे जन्मगाव, तिने पाहिलेले दुष्काळ आणि तिने केलेले काम विचारून लिहून काढा. लिहून झाल्यावर तिला ते वाचून दाखवा, चुकले असेल तेथे दुरुस्त करा, दुसरी प्रत काढा आणि ती गावच्या वाचनालयात नेऊन द्या.