टोमण्यात नाव खोटं, स्तुतीत नाव खरं

अतिक्रमण हटाव मोहिमेची बातमी मी आजवर किती वेळा लिहिली, मोजदाद नाही. पण या विषयावर इसवी सन ९२च्या सुमारास रोममध्ये कविता लिहिली गेली होती, हे कळलं तेव्हा हसू आलं. न्हावी, खाटीक, खानावळवाले, दारूवाले सगळ्यांनी रस्ता गिळलेला. सम्राट डोमिशियनने हुकूम काढला आणि सगळे मुकाट आपापल्या उंबऱ्याच्या आत गेले. कवी सम्राटावर भलताच खूश!

हा कवी म्हणजे मार्शल. मूळचा स्पेनमधल्या बिल्बिलिस या छोट्या गावचा. सन ६४मध्ये नशीब काढायला रोमला आला. लिहायचा एपिग्रॅम, म्हणजे चार-सहा ओळींची, कधी दोनच ओळींची कविता. शेवटच्या शब्दात डंख. आपल्या वर्तमानपत्रातल्या वात्रटिकेच्या जातीचंच प्रकरण म्हणा ना. अशा दीड हजारांवर कविता त्याच्या नावावर आहेत.

त्यात अख्खं रोम सापडतं. स्वतः उंची दारू पिऊन पाहुण्यांना हलकी पाजणारा यजमान. म्हाताऱ्याच्या इस्टेटीवर डोळा ठेवून त्याची सेवा करणारे. वैद्यकी सोडून मढी उचलायच्या धंद्याला लागलेला वैद्य. पहाटे पोरांवर ओरडून गल्ली जागी करणारा मास्तर. आणि झुंजूमुंजू होताच टोगा अंगावर चढवून बड्या माणसाच्या दारात मुजऱ्याला उभे राहणारे आश्रित. त्याबद्दल दिवसाला १०० क्वाड्रन्स मिळायचे, म्हणजे चिल्लरच. मार्शलही याच रांगेतला. राहायचा तिसऱ्या मजल्यावर. पुस्तकं खपायची, पण कॉपीराइट नावाची गोष्टच नव्हती, त्यामुळे खपातला पैसा कवीकडे येत नव्हता. पोट दात्यांच्या मर्जीवर.

आता खरी गोम. पहिल्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याने सांगून टाकलं की, खऱ्या माणसांची नावं घेऊन मी कुणाला दुखावणार नाही. म्हणून टोमणे खातात ती बहुतेक बनावट नावं. पण स्तुती आली की नाव खरं! डोमिशियनला तर त्याने 'स्वामी आणि देव' करून टाकलं.

लगेच नावं ठेवू नका. याच डोमिशियनने तार्ससच्या हर्मोजिनिसला इतिहासग्रंथातल्या आडून मारलेल्या टोल्यांसाठी ठार केलं आणि त्या ग्रंथाच्या नकला करणाऱ्यांना क्रूसावर चढवलं, असं सुएटोनियसने लिहून ठेवलंय. अशा गावात आपण काय केलं असतं?

सन ९६मध्ये डोमिशियनचा खून झाला. मार्शलने आधी निघालेलं दहावं पुस्तक ९८मध्ये दुरुस्त करून पुन्हा काढलं. त्यात तो म्हणतो, आता 'स्वामी आणि देव' म्हणायचे दिवस गेले. पण नव्या दरबारात त्याला फारशी जागा मिळाली नाही. गावी परतला, तोही धाकट्या प्लिनीने दिलेल्या वाटखर्चावर. प्लिनीने का दिला? मैत्री होती, आणि मार्शलने त्याच्यावरही कविता केली होती!

हे वाचून मी माझी कात्रणं काढली. भ्रष्टाचाराच्या बातमीत मी लिहिलंय, 'एका पदाधिकाऱ्याने'. वाढदिवसाच्या पुरवणीत त्याच पदाधिकाऱ्याचं नाव पदासकट, फोटोसकट. माझ्या मानेवर तर कुणाची तलवारही नव्हती. जाहिरातीचा प्रश्न होता, एवढंच.

मार्शलच्या बाजूने एक मात्र बोललं पाहिजे. सम्राटाची स्तुती त्याला शेवटी तारू शकली नाही, तो उरला त्या मास्तर-न्हाव्यांमुळे. दीडदमडीच्या माणसांचा दिवस त्याने टिपून ठेवला, म्हणून आज आपल्याला रोमची सकाळ ठाऊक आहे.

पुढच्या आठवड्यात पुन्हा एक पुरवणी आहे. मजकूर मलाच लिहायचाय. अजून एक ओळ सुचलेली नाही.