तारापूरची अणुभट्टी आणि आज्ञावलीचा परीक्षक

इ. स. १९६९ च्या ऑक्टोबर महिन्यांत दोन गोष्टी घडल्या. त्यांचा एकमेकींशीं कांहीं संबंध असेल हें तेव्हां कोणाच्याहि ध्यानांत येण्यासारखें नव्हतें. पहिली गोष्ट पश्चिम किनाऱ्यावरची. बोईसर स्टेशनावरून समुद्राच्या रोखानें गेलें म्हणजे तारापूरचें अणुविद्युत् केंद्र लागतें. त्याच्या पहिल्या दोन भट्ट्या त्या महिन्याच्या २८ तारखेस व्यापारी तत्त्वावर वीज देऊं लागल्या. हा मुलूख तेव्हां ठाणें जिल्ह्यांत मोडत असे. पालघर जिल्हा निराळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजीं. दुसरी गोष्ट बेलफास्टची. तेथील विद्यापीठांतील टोनी होअर या अध्यापकाचा एक लहानसा निबंध अमेरिकेंतील एका मासिकांत छापून आला. गणकयंत्रास दिलेली आज्ञावली निर्दोष आहे कीं नाहीं, हें ती न चालवितां, भूमितींतील सिद्धान्ताप्रमाणें सिद्ध करतां येईल, असें त्यांत प्रतिपादन होतें. प्रत्येक पायरीपूर्वीं काय खरें असलें पाहिजे आणि पायरीनंतर काय खरें ठरेल तें लिहावयाचें, व दोहोंची सांगड तर्कानें घालावयाची, एवढीच ती रीत.

आज्ञावली चालवून पाहिली म्हणजे पुरे, असें सामान्यतः वाटतें. पण हिशेब करून पाहावा. एखाद्या नियंत्रकाकडे उष्णता आणि दाब अशीं दोनच मापें येतात आणि प्रत्येक माप सोळा द्विमान अंकांत मांडलेलें आहे असें धरलें, तरी त्यांच्या जोड्या ४२९ कोटींहून अधिक होतात. त्यांतील दहा हजार तपासून उरलेल्यांवर विश्वास टाकणें कापडाच्या दुकानांत कदाचित् चालेल. जेथें चूक पावसाळ्यांतील एखाद्या रात्रीं एकदांच उद्भवावयाची, आणि कुंपणापलीकडे घिवलीचे कोळी व बोईसरच्या कारखान्यांतले कामगार निजलेले असावयाचे, तेथें तें चालत नाहीं.

पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकन बनावटीच्या. तिसरी व चौथी मात्र देशी आराखड्याच्या, जड पाण्याच्या, प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या. त्यांच्यासाठीं अक्करपट्टी आणि पोफरण या गांवांतील लोकांनीं घरें सोडलीं. चौथी भट्टी आधीं, म्हणजे सप्टेंबर २००५ मध्यें, आणि तिसरी ऑगस्ट २००६ मध्यें व्यापारी तत्त्वावर सुरू झाली. या पिढींत नियमनाचें बरेंच काम संगणकाकडे आलें, आणि होअर यांच्या जुन्या निबंधास मुंबईंत नवें महत्त्व आलें. भाभा अणुसंशोधन केंद्र व पवईची आय. आय. टी. येथील बबिता शर्मा, धोडपकर आणि रमेश यांनीं ‘एसीई’ नांवाचें परीक्षणसाधन रचून त्याची माहिती २००२ सालीं प्रसिद्ध केली.

त्यांची पद्धत समजण्यास कठीण नाहीं. सी ही भाषा फार मोकळी. म्हणून मोटारगाड्यांच्या धंद्यांतील लोकांनीं १९९८ सालीं ‘मिस्रा’ नांवानें ठरविलेला तिचा सुरक्षित पोटभाग त्यांनीं घेतला. प्रत्येक फंक्शनच्या आरंभीं व अखेरीस अटी लिहावयाच्या, मग तें सारें रूपांतरित करून स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सिद्धता-यंत्रापुढें ठेवावयाचें. हें सिद्धता-यंत्र ‘एमएल’ कुळांतील भाषेंत लिहिलेलें होतें. एमएल ही रॉबिन मिल्नर यांनीं एडिंबरो येथें १९७० नंतरच्या दशकांत सिद्धतेच्याच कामासाठीं घडविलेली फंक्शनल, म्हणजे गणितांतील फलनाच्या कल्पनेवर उभारलेली भाषा. ‘ही पेटी भर, ती रिकामी कर’ असे हुकूम तींत गौण. एका मूल्यापासून दुसरें मूल्य कसें निघतें तें सांगणें मुख्य. अशा भाषेचें परीक्षण सोपें, आणि परीक्षकाची देखभाल त्याहून सोपी, असा सहजच ग्रह होतो. तो अर्धाच खरा आहे.

हास्केल ही त्याच परंपरेंतील १९९० सालची भाषा. तिच्या आज्ञावली वाचून दोष व सुधारणा दाखविणारें ‘एचलिंट’ हें साधन नील मिचेल यांनीं २००६ च्या सुमारास आरंभिलें. (नांवांतील ‘लिंट’ बेल प्रयोगशाळेंतील स्टीफन जॉन्सन यांच्या जुन्या साधनाचें, कपड्यास चिकटलेले सुताचे तंतु हा त्याचा अर्थ, आणि तो चपखल आहे.) एचलिंटमध्यें वाक्यांचें व्याकरण लावणारा भाग निराळा, दुसऱ्यांनीं रचलेला होता. हास्केलचा मुख्य कंपायलर नवीं नवीं वाक्यरूपें स्वीकारीत गेला आणि हा भाग मागें पडला. परिणामीं शुद्ध लेखनहि परीक्षकास वाचतां येईना. क्रमिक पुस्तक बदललें आणि परीक्षकाच्या हातीं जुनींच नमुना-उत्तरें राहिलीं, तर हुशार मुलगाहि नापास व्हावयाचा, तशांतला हा प्रकार. शेवटीं २०२० सालीं तिसऱ्या आवृत्तींत मुख्य कंपायलरचेंच व्याकरण बसवावें लागलें.

शिवाय कोणत्याहि आज्ञावलीचा बिनचूक निकाल लावणारा सार्वत्रिक परीक्षक असूं शकत नाहीं, हें ॲलन ट्यूरिंग यांच्या १९३६ च्या निबंधापासून निष्पन्न होतें. म्हणून खोट्या हांका येतातच. फार हांका आल्या कीं लोक कान बंद करतात. त्या निवडून कमी करणें हें देखभाल करणाराचें अत्यंत कंटाळवाणें, आणि वास्तविक सर्वांत मोलाचें, काम. त्याबद्दल कोणी सत्कार केल्याचें ऐकिवांत नाहीं.

तारापूरची पहिली भट्टी सुरू झाली तेव्हां सी भाषा जन्मलीहि नव्हती. मिस्राचे नियम २००४ मध्यें आणि पुन्हां २०१२ मध्यें बदलले. १९९८ च्या नियमांवर बांधलेला परीक्षक प्रत्येक वेळीं उघडून दुरुस्त करणें भागच. आणि नियम न बदलले, तरी भट्टीच्या आज्ञावलींत एक ओळ बदलतांच त्या फंक्शनच्या अटी पुन्हां सिद्ध कराव्या लागतात. ज्या यंत्रानें त्या प्रथम सिद्ध केल्या, तें चालवूं जाणणारा कोणी त्या दिवशीं जागेवर असावा लागतो.