समकक्षतेचे प्रमाणपत्र आणि शासनाची देखरेख : अमेरिकेतील जी. ई. डी. परीक्षेचा इतिहास

पहिल्या महायुद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांना तेथील पुष्कळ विद्यालयांनी व महाविद्यालयांनी केवळ लष्करी सेवेच्या मोबदल्यात अभ्यासक्रमाचे श्रेय सरसकट बहाल केले. या औदार्याने प्रमाणपत्राचे मोल उतरले, अशी तक्रार शिक्षणक्षेत्रात पुढे दीर्घकाळ होत राहिली. दुसऱ्या महायुद्धात तोच प्रसंग पुन्हा येणार हे दिसू लागताच शिक्षणतज्ज्ञांनी आधीच सावधगिरी बाळगली. हायस्कूल अर्धवट सोडून सैन्यात गेलेल्या तरुणाला श्रेय द्यावयाचे, पण परीक्षा घेऊन द्यावयाचे, असे ठरले. जनरल एज्युकेशनल डेव्हलपमेंट, अर्थात जी. ई. डी. या नावाने प्रसिद्धी पावलेल्या परीक्षेचा उगम या सावधगिरीत आहे.

१९४२ साली विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे सैनिकांच्या शिक्षणासाठी एक संस्था स्थापन झाली आणि तिच्याकरिता आयोवा विद्यापीठाचे ई. एफ. लिंडक्विस्ट प्रभृतींनी पाच चाचण्या सिद्ध केल्या : भाषिक अभिव्यक्ती, सामाजिक शास्त्रांतील वाचन, निसर्गविज्ञानातील वाचन, साहित्याचे वाचन आणि सामान्य गणित. पाठ्यपुस्तकातील माहितीपेक्षा समजून वाचण्याची शक्ती जोखणे हा त्यांचा हेतू होता. उत्तीर्ण होण्याची मर्यादा अशी आखली होती की, हायस्कूलच्या अखेरच्या वर्गातील सुमारे ८० टक्के विद्यार्थी ती सहज ओलांडतील. निवृत्त सैनिकांना महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च देऊ करणारा कायदा १९४४ साली संमत झाला, तेव्हा या चाचण्यांना एकाएकी मोठे महत्त्व आले.

येथे एक भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. आपल्याकडे शालेय शिक्षणाच्या अखेरीस विद्यापीठाची वा मंडळाची बाह्य परीक्षा असते आणि प्रमाणपत्र म्हणजे त्या परीक्षेचा निकाल. त्यामुळे बाहेरून परीक्षेस बसणारा उमेदवार ही कल्पना आपणास सर्वथा परिचयाची आहे. अमेरिकेत हायस्कूलचा डिप्लोमा परंपरेने ज्या त्या शाळेकडून मिळत आला. अमुक वर्षे उपस्थित राहून, अमुक विषय पुरे करून, शिस्तीत वागून विद्यार्थी बाहेर पडला, याची ती ग्वाही असे. जी. ई. डी.ने या ग्वाहीतील ज्ञानाचा भाग तेवढा मोजला. उरलेला भाग मोजण्याचे साधन कोणापाशी नव्हते, आणि प्रारंभी त्याची निकडही कोणास भासली नाही.

परीक्षेचे स्वामित्व अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन या खाजगी परिषदेकडे होते. प्रमाणपत्र देण्याचा अधिकार राज्यांचा; कारण शिक्षण हा तेथे राज्यांचाच विषय आहे. न्यू यॉर्क राज्याने १९४७ साली नागरिकांनाही ही वाट मोकळी केली. १९५९ साली परीक्षार्थींत सैनिकांपेक्षा नागरिकांची संख्या अधिक झाली. १९७४ पर्यंत सर्व राज्यांनी परीक्षा स्वीकारली; कॅलिफोर्निया त्यांत शेवटचे. १९६४ च्या आर्थिक संधी कायद्याने आणि १९६६ च्या प्रौढशिक्षण कायद्याने केंद्रशासनाचा पैसाही या क्षेत्रात आला. परिणामतः प्रश्नपत्रिका परिषदेची, सही राज्याची आणि तयारीवर्गाचा बराच खर्च केंद्राचा, अशी विभागणी झाली. तिघांपैकी कोणाचीही नजर प्रमाणपत्र हाती पडल्यानंतरच्या आयुष्यावर असण्याचे कारण उरले नाही.

पैशाबरोबर हिशेब येतोच. १९८२ च्या कामगार-प्रशिक्षण कायद्याने शाळा सोडलेल्या तरुणांसाठीच्या कार्यक्रमांची फलनिष्पत्ती मोजण्याचे बंधन घातले आणि ज्या गोष्टी यश म्हणून मोजावयाच्या त्यांत जी. ई. डी.चा समावेश झाला. हिशेब सोपा होता. प्रमाणपत्र मिळाले की कार्यक्रम सफल. या कार्यक्रमांची सुमारे २०,००० व्यक्तींवर यादृच्छिक निवडीने घेतलेली पाहणी शासनानेच करविली, ही गोष्ट शासनाच्या बाजूने नमूद केली पाहिजे. तिचा निष्कर्ष मात्र अप्रिय होता. शाळेबाहेरच्या तरुणींत प्रमाणपत्र मिळविणाऱ्यांची संख्या वाढली. तरुणतरुणींच्या मिळकतीत वाढ आढळली नाही. १९९५ साली काँग्रेसने या तरुणविभागाच्या निधीत मोठी कपात केली. गमतीचा भाग असा की, निधी आटला तरी मापदंड टिकला : १९९८ च्या नव्या कायद्यातही डिप्लोमा वा त्याची समकक्षता हे यशाचे परिमाण राहिलेच.

प्रमाणपत्रापलीकडे प्रथम पाहिले ते लष्कराने. १९७३ साली सक्तीची भरती संपली आणि सैन्य सर्वस्वी स्वेच्छेने येणाऱ्यांवर अवलंबून राहू लागले. करार पुरा होण्याआधी जो रंगरूट निघून जाई, त्याच्या भरतीचा व प्रशिक्षणाचा खर्च बुडे. त्यामुळे कोण किती टिकतो याची मोजदाद लष्कराला ठेवावीच लागली. त्या मोजदादीत आढळलेली गोष्ट अनपेक्षित होती. प्रवेशचाचणीत जी. ई. डी.धारक शाळेतून उत्तीर्ण झालेल्यांच्या तोडीचे ठरत. पण मुदतीपूर्वी बाहेर पडण्याचे त्यांचे प्रमाण डिप्लोमाधारकांहून पुष्कळ अधिक, जवळजवळ शाळा सोडलेल्यांइतकेच असे. अखेर १९८७ साली संरक्षणखात्याने उमेदवारांचे तीन स्तर पाडले आणि जी. ई. डी.धारकांस दुसऱ्या स्तरात बसविले. जी परीक्षा सैनिकांच्या सन्मानासाठी जन्मास आली, तिला समकक्षता नाकारणारे पहिले मोठे खाते सैन्याचेच असावे, हा योगायोग नव्हे. परिणामाची झळ ज्याच्या तिजोरीला लागत होती, त्यानेच परिणाम तपासला.

विद्वानांचे लक्ष त्यानंतर वेधले. स्टीफन कॅमेरॉन व जेम्स हेकमन यांच्या १९९३ मधील निबंधाने जी. ई. डी.धारकांची मिळकत डिप्लोमाधारकांपेक्षा शाळा सोडलेल्यांच्या मिळकतीशीच जुळते, असे दाखविले. हे मत एकमुखाने मान्य झाले असे नाही. टायलर, मर्नेन व विलेट या तिघांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काठावर उत्तीर्ण झालेल्या गोऱ्या तरुणांच्या मिळकतीत १० ते १९ टक्के वाढ दिसून आली. अल्पसंख्य गटांत तशी वाढ आढळली नाही. या अभ्यासाची युक्ती मार्मिक होती. राज्याराज्यांनी उत्तीर्णतेच्या मर्यादा भिन्न ठेवल्या होत्या, म्हणून समान गुणांचे दोन तरुण एका राज्यात उत्तीर्ण व दुसऱ्यात अनुत्तीर्ण होत. देखरेखीतील विसंगतीच संशोधकांच्या पथ्यावर पडली.

याहून गंभीर परिणाम राष्ट्रीय आकडेवारीवर झाला. शिक्षण पुरे केलेल्यांच्या गणनेत जी. ई. डी.धारक मिसळले गेल्याने हायस्कुले प्रत्यक्षात होती त्यापेक्षा यशस्वी भासली. शाळांनाही त्यात सोय सापडली. टेक्सासमध्ये जी. ई. डी.च्या तयारीसाठी गेलेला विद्यार्थी गळतीत धरला जात नसे. ह्यूस्टनमधील १६ शाळांच्या दप्तरांची २००३ साली राज्याने तपासणी केली, तेव्हा सोडून गेलेल्या सुमारे ५,५०० विद्यार्थ्यांपैकी निम्म्याहून अधिकांची नोंद गळतीत व्हावयास हवी होती, पण झाली नव्हती, असे उघडकीस आले. २००२ साली अमलात आलेल्या केंद्रीय शिक्षणकायद्याने उत्तीर्णतेच्या प्रमाणातून जी. ई. डी. वगळली होतीच, २००८ च्या नियमांनी नववीत दाखल झालेल्या तुकडीपैकी चार वर्षांत नियमित डिप्लोमा किती जणांस मिळाला, हे एकच माप सर्व राज्यांस लावले.

शाळांच्या हिशेबास अशी शिस्त लागत असता परीक्षेच्या स्वामित्वाचा प्रश्न उलट दिशेने गेला. २०११ साली परिषदेने पिअर्सन या व्यापारी प्रकाशनसंस्थेशी भागीदारी केली. २०१४ च्या जानेवारीत संगणकावर द्यावयाची, पूर्वीहून कठीण परीक्षा सुरू झाली आणि त्या वर्षी उत्तीर्णांची संख्या एकदम घसरली. कित्येक राज्यांनी प्रतिस्पर्धी परीक्षा पत्करल्या. न्यू यॉर्कनेही दुसरी परीक्षा स्वीकारली. ती बंद पडल्यावर २०२२ साली ते राज्य पुन्हा जी. ई. डी.कडे वळले. दरम्यान २०१६ च्या जानेवारीत उत्तीर्णतेची मर्यादा १५० वरून १४५ गुणांवर आणली गेली. हा निर्णय परीक्षा चालविणाऱ्या भागीदारी संस्थेचा होता. मागील दोन वर्षांच्या उमेदवारांस तो लागू करावा की नाही, एवढे राज्यांकडे राहिले. बहुतेक राज्यांनी तो लागू केला, आणि १४५ ते १४९ गुण मिळवून अनुत्तीर्ण ठरलेल्या हजारो व्यक्ती पुन्हा परीक्षेस न बसता उत्तीर्ण झाल्या.