‘जेन एअर’ : स्वातंत्र्य, वित्त आणि विवाह

शार्लट ब्रॉन्टे यांची ‘जेन एअर’ ही कादंबरी ऑक्टोबर १८४७ मध्ये ‘करर बेल’ या टोपणनावाने लंडन येथे प्रसिद्ध झाली. स्वातंत्र्याकांक्षी नायिकेची कथा म्हणून तिची ख्याती आहे. परंतु हे स्वातंत्र्य कोणत्या आर्थिक व कायदेशीर चौकटीत उभे आहे, हे ध्यानी घेतल्यावाचून नायिकेच्या विवाहाचा अर्थ उमगत नाही.

जेन ही गव्हर्नेस, म्हणजे श्रीमंताच्या घरी राहून मुलांस शिकविणारी शिक्षिका. लोवुडच्या शाळेत तिला वार्षिक १५ पौंड मिळत. थॉर्नफील्ड येथे ३०. संस्कार कुलीन स्त्रीचे व अवलंबित्व मात्र सेवकाचे, अशी या वर्गाची कोंडी होती. रॉचेस्टर धनी, जेन वेतनभोगी. त्यामुळे वाग्दानानंतर त्याने रेशमी वस्त्रे व अलंकार देऊ करताच तिला कृतज्ञतेपेक्षा मानहानी अधिक जाणवते. स्वतःचे काही द्रव्य असावे या विचाराने ती मदिरा येथील चुलत्यास पत्र लिहिते. त्या पत्रामुळेच वार्ता मेसनपर्यंत पोहोचते आणि रॉचेस्टरची पहिली पत्नी हयात असताना होऊ घातलेला विवाह थांबतो. स्वावलंबनाच्या इच्छेनेच तिला फसवणुकीतून वाचविले, असे म्हणावयास हरकत नाही.

तत्कालीन इंग्लिश कायद्यानुसार विवाहाबरोबर स्त्रीची जंगम मालमत्ता पतीची होई. विश्वस्तांकरवी केलेला करार हाच त्यातून सुटण्याचा प्रमुख मार्ग होता. पत्नीची कमाई तिचीच राहील, अशी तरतूद १८७० च्या कायद्याने केली. सर्व मालमत्तेवरील तिचा हक्क १८८२ मध्ये मान्य झाला. या कायद्याची छाया कादंबरीतील बर्था मेसनवर स्पष्ट दिसते. तिचे ३०,००० पौंड रॉचेस्टरला लाभले, आणि ती स्वतः माळ्यावरील खोलीत बंदिस्त राहिली.

पुढे जेनला चुलत्याचे २०,००० पौंड वारसाहक्काने मिळतात. त्यांचे चार समान भाग करून तीन ती आतेभावंडांस देते व ५,००० पौंड स्वतःकडे ठेवते. विवाहानंतर हेही द्रव्य कायद्याने पतीकडेच जाणार होते; करारनाम्याविषयी कादंबरी मौन पाळते. स्वतः ब्रॉन्टे यांनी मात्र १८५४ मध्ये विवाहापूर्वी आपली मिळकत विश्वस्ताच्या हाती सोपविली होती.

तर मग या वारशाचे मोल कशात? विवाहोत्तर सत्तेत नव्हे, तर विवाह न करताही जगता येण्याच्या शक्यतेत. उपजीविकेची चिंता सरल्यावर जेन परतते, तेव्हा तिचा होकार निवड ठरतो. श्रीमंत झाल्यावरही ती रॉचेस्टरला ‘सर’ असेच संबोधते. संपत्तीने अंतर मिटविले, तरी भाषेत वर्गभेदाची खूण मागे उरली. आणि विवाहाची वार्ता वाचकास देणाऱ्या प्रसिद्ध वाक्याचा कर्ता मात्र वर नव्हे, वधू आहे. परंतु ही निवड बर्थाच्या वाट्यास कधीच आली नाही, याचे विस्मरण अभ्यासकाने होऊ देऊ नये.