शापित डोंगर, शुभ्र डोंगर : माँ ब्लाँची कहाणी

सन १६४४ च्या जून महिन्यात आल्प्स पर्वतातील शमोनी खोऱ्यातून सुमारे तीनशे भाविकांची मिरवणूक निघाली. अग्रभागी बिशप शार्ल-ऑगस्ट द साल होते. संत फ्रान्सिस डी सेल्स यांचे ते पुतणे. मिरवणूक कोणत्याही सणाची नव्हती. डोंगरावरून उतरणारी हिमनदी वर्षागणिक पुढे सरकत होती, शेते गिळत होती आणि ले ब्वा या वाडीच्या उंबरठ्याशी येऊन ठेपली होती. घाबरलेल्या शेतकऱ्यांनी आपल्या बिशपांना साकडे घातले होते. बिशपांनी बर्फाच्या त्या भिंतीसमोर प्रार्थना केली, आशीर्वाद दिला. पुढील वर्षांत बर्फ हळूहळू मागे हटला, असे जुन्या नोंदी सांगतात.

ज्या पर्वताच्या अंगावरून ही हिमनदी उतरते, त्याला आज जग 'माँ ब्लाँ', म्हणजे 'शुभ्र पर्वत', या नावाने ओळखते. फ्रान्स व इटली यांच्या सीमेवरील हा पर्वत आल्प्समधील सर्वोच्च होय. २०२३ च्या मोजणीत त्याची उंची ४,८०५.५९ मीटर भरली. शिखर बर्फाचे असल्यामुळे ही उंची दर मोजणीत थोडी बदलते. मात्र त्या काळी खोऱ्यातील लोक त्याला 'शापित पर्वत' म्हणत. अकराव्या शतकाच्या अखेरीस तेथे बेनेडिक्टाइन मठवासीयांनी आपला मठ स्थापिला, लोकवस्ती वाढली; पण वर शिखराकडे जाण्याचे प्रयोजन कोणालाच नव्हते. फार तर रानबकऱ्यांचे शिकारी आणि स्फटिक शोधणारे काही अंतर चढत, एवढेच.

भयाची जागा कुतूहलाने घेतली ती अठराव्या शतकात. जिनिव्हाचे तरुण शास्त्रज्ञ ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांनी १७६० मध्ये शिखराची वाट शोधणाऱ्यास बक्षीस जाहीर केले. त्यानंतर सव्वीस वर्षे गेली. अखेर ८ ऑगस्ट १७८६ रोजी शमोनीचे डॉक्टर मिशेल-गाब्रिएल पाकार आणि स्फटिक शोधणारा झाक बाल्मा हे दोघे शिखरावर पोहोचले. ना दोर, ना शिडी. हाती केवळ लांब काठ्या. पुढल्याच वर्षी सोस्यूर स्वतः वर गेले आणि तेथे त्यांनी हवेचा दाब व तापमान मोजले. आधुनिक गिर्यारोहणाचा आरंभ येथूनच मानला जातो.

मात्र मानवी स्वभाव शिखरावरही बदलत नाही. बक्षीस आणि कीर्ती बाल्माच्या पदरी पडली. डॉक्टर पाकार यांना जणू ओढूनच वर न्यावे लागले, अशी कथा पसरली आणि शंभर वर्षे ती खरी मानली गेली. १८८७ मध्ये शमोनीच्या चौकात बाल्मा आणि सोस्यूर यांचा पुतळा उभा राहिला. त्यात पाकारांना स्थान नव्हते. पुढे जुनी टिपणे तपासली गेली, सत्य उजेडात आले आणि १९८६ मध्ये, म्हणजे तब्बल दोनशे वर्षांनी, डॉक्टरांचा पुतळा उभारण्यात आला.

डोंगराने आपली किंमतही लवकरच वसूल केली. १८२० मध्ये एका तुकडीवर हिमकडा कोसळला आणि तीन वाटाडे बर्फाच्या भेगेत गडप झाले. त्यानंतर १८२१ मध्ये शमोनीच्या वाटाड्यांनी आपली संघटना बांधली. ती आजही कार्यरत आहे. त्या तिघांचे अवशेष १८६१ मध्ये बोसाँ हिमनदीच्या खालच्या टोकाशी वर आले. तोवर एक्केचाळीस वर्षे उलटली होती. त्या अपघातातून वाचलेल्या एका वृद्ध वाटाड्याने आपल्या तरुणपणीच्या सोबत्यांची ओळख पटवली. हिमनदी गिळलेले परत देते. पण आपल्या सवडीने.

ख्रिस्ती वाचकांना एका गिर्यारोहकाचे नाव येथे आवर्जून सांगावेसे वाटते. मिलानचे धर्मगुरू आकिले रात्ती १८९० मध्ये माँ ब्लाँ चढले आणि उतरताना इटलीच्या बाजूने त्यांनी नवी वाट शोधली. ती 'पोपची वाट' म्हणून ओळखली जाते, कारण हेच धर्मगुरू १९२२ मध्ये पोप अकरावे पायस झाले. दुसऱ्याच वर्षी त्यांनी मेंथाँचे संत बर्नार्ड यांना आल्प्सवासी व गिर्यारोहक यांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. याच संतांनी अकराव्या शतकात माँ ब्लाँच्या पूर्वेकडील खिंडीत वाटसरूंसाठी आश्रयगृह उभारले होते.

विसाव्या शतकात साहसाच्या जोडीला सहल आली. १९०९ मध्ये दातेरी रुळांची आगगाडी पर्यटकांना 'बर्फाचा सागर' या हिमनदीच्या काठी नेऊ लागली. १९२४ मध्ये पहिले हिवाळी ऑलिंपिक शमोनीतच भरले. १९५५ पासून रज्जुमार्गाचा पाळणा प्रवाशाला थोडक्या मिनिटांत ३,७७७ मीटर उंचीवर पोहोचवतो. पण पाळणा उंचीवर नेतो. विरळ हवेची सवय शरीराला लावून देत नाही. नेहमीच्या वाटेवर गूते येथील घळीत आजही वरून धोंडे कोसळतात. खडकांना सांधून धरणारा बर्फ उन्हाने सैल झाला की धोका वाढतो. खाली राहणारेही सुरक्षित नसतात. १८९२ च्या जुलैत तेत रूस हिमनदीच्या पोटात साठलेले पाणी रात्री फुटले आणि सँ-झेर्व्हे परिसरात सुमारे पावणेदोनशे माणसे दगावली.

आणि या डोंगरावर आपलीही माणसे आहेत. ३ नोव्हेंबर १९५० रोजी मुंबईहून निघालेले एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान शिखराजवळ आदळले. अठ्ठेचाळीस जण गेले. प्रवाशांत बहुतेक जहाजावर रुजू होण्यास निघालेले भारतीय खलाशी होते. त्यांच्या शोधासाठी निघालेले शमोनीचे वाटाडे रने पायो हेही हिमस्खलनात मरण पावले. परक्या देशातील अनोळखी माणसांसाठी त्यांनी प्राण वेचले. २४ जानेवारी १९६६ रोजी मुंबईहूनच निघालेले 'कांचनजंगा' हे विमान जवळपास त्याच जागी कोसळले. डॉ. होमी भाभा यांच्यासह ११७ जण त्यात होते. एकही वाचला नाही.

बोसाँ हिमनदी त्या दोन्ही अपघातांच्या खुणा आजही परत देत आहे. २०१२ मध्ये १९६६ च्या विमानातील सरकारी टपालाची थैली सापडली. २०१३ मध्ये एका गिर्यारोहकाला पाचू-माणकांची पेटी मिळाली आणि ती त्याने प्रामाणिकपणे पोलिसांच्या स्वाधीन केली. २०२० मध्ये वर आलेल्या भारतीय वृत्तपत्रांवर इंदिरा गांधी यांच्या पंतप्रधानपदी निवडीचे मथळे वाचता येत होते. ज्या घरांतून ती माणसे निघाली, तेथे मात्र तारखेखेरीज काही उरले नसेल.

बर्फ आता आपली ठेव पूर्वीपेक्षा लवकर परत करू लागला आहे, कारण तो वेगाने वितळत आहे. आगगाडीच्या स्थानकापासून 'बर्फाच्या सागरा'पर्यंत उतरण्यासाठी पाचशेहून अधिक पायऱ्या बांधाव्या लागल्या. कधीकाळी बर्फ त्या काठालगतच होता. १६४४ मध्ये बिशप शार्ल-ऑगस्ट यांनी ज्या हिमनदीसमोर उभे राहून तिने मागे हटावे अशी प्रार्थना केली, ती हीच हिमनदी.

त्या शेतकऱ्यांना वाटत होते की बर्फ पुढे येतो तो आपल्या पापांमुळे. त्यांच्या समजुतीला आपण हसू शकतो. पण आज तो मागे हटतो आहे, त्यात माणसाने जाळलेल्या कोळशाचा आणि तेलाचा वाटा आहे, हे विज्ञानच सांगते. डोंगराला शापित म्हणणारे ते लोक त्याच्यापुढे निदान नम्र होते. शुभ्र म्हणणाऱ्या आपल्याला त्याची शुभ्रता राखायची असेल, तर ती नम्रता त्यांच्याकडूनच पुन्हा शिकावी लागेल.