बेसबॉलच्या कमिशनरपदाची कुळकथा

अमेरिकी बेसबॉलचे कमिशनरपद १९२० साली निर्माण झाले. त्याआधी तीन सदस्यांचे ‘नॅशनल कमिशन’ कारभार पाही. दोन्ही मेजर लीगचे अध्यक्ष आणि तिसरा एका संघाचा मालक, अशा मंडळाकडून निःपक्ष निवाड्याची अपेक्षा करणेच भाबडेपणाचे होते. १९१९च्या वर्ल्ड सिरीजमध्ये शिकागो व्हाइट सॉक्सच्या खेळाडूंनी जुगाऱ्यांशी संगनमत केल्याचे उघड झाले, तेव्हा अब्रू सावरण्यासाठी मालकांना बाहेरचा, दरारा असलेला माणूस हवा होता. त्यांची नजर शिकागोतील फेडरल जिल्हा न्यायाधीश केनसॉ माउंटन लँडिस यांच्यावर गेली.

वडील अमेरिकी यादवीत ज्या डोंगरावरच्या लढाईत जखमी झाले, त्याचेच नाव मुलाला मिळाले होते. १९०५ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी लँडिस यांना न्यायाधीश नेमले. दोनच वर्षांनी रेल्वेभाड्यात बेकायदा सवलत घेतल्याबद्दल त्यांनी इंडियानाच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीला १,४६२ आरोपांवर प्रत्येकी २०,००० डॉलर, म्हणजे एकूण २ कोटी ९२ लाख ४० हजार डॉलर दंड ठोठावला. देशभर नाव झाले. दंड मात्र १९०८ साली वरच्या न्यायालयात रद्द झाला. समाजवादी नेते व्हिक्टर बर्गर यांना दिलेली २० वर्षांची शिक्षाही सर्वोच्च न्यायालयाने १९२१ साली, न्यायाधीशांच्या पूर्वग्रहाच्या मुद्द्यावर, रद्द ठरवली. मालकांना भावली ती वेगळीच गोष्ट: १९१५ साली प्रतिस्पर्धी फेडरल लीगने त्यांच्यावर भरलेला मक्तेदारीविरोधी दावा लँडिस यांनी तडजोड होईपर्यंत निकाल न देता लांबवला होता.

पद स्वीकारताना लँडिस यांनी निर्विवाद अधिकार मागून घेतला. त्यांच्या निर्णयाविरुद्ध कोर्टात जाणार नाही, असे मालकांनी मान्य केले. न्यायासनावर ज्या अपिलांनी त्यांना वारंवार खाली पाहायला लावले, ती वाटच इथे बंद झाली. २ ऑगस्ट १९२१ रोजी ज्यूरीने व्हाइट सॉक्सच्या आरोपी खेळाडूंना निर्दोष सोडले. दुसऱ्याच दिवशी लँडिस यांनी आठ जणांवर कायमची बंदी घातली.

काही काळ त्यांनी दोन्ही खुर्च्या सांभाळल्या. महाभियोगाची मागणी झाली, वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेने ठपका ठेवला, आणि १ मार्च १९२२ रोजी त्यांनी न्यायाधीशपद सोडले. कमिशनर ते १९४४ साली मृत्यू येईपर्यंत राहिले. या साऱ्या काळात मेजर लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू उतरला नाही. दोष एकट्या लँडिस यांचा नव्हे, मालकांचाही. पण एवढी सत्ता हाती असलेल्याला त्यातून सुटका नाही. कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन मेजर लीगच्या मैदानात आला तो १९४७ साली. सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारावरून लँडिस यांचे नाव २०२० साली काढण्यात आले.