मोहावीच्या वाळवंटातला क्रूस

सरकारी जागेवर धर्मचिन्ह असावं का, या प्रश्नासाठी आज अमेरिकेतला एक खटला घेऊ.

कॅलिफोर्नियात मोहावीच्या वाळवंटात सनराइज रॉक नावाचा खडक आहे. पहिल्या महायुद्धातल्या मृतांसाठी माजी सैनिकांच्या संघटनेने 1934 साली तिथे साधा लाकडी क्रूस रोवला. जमीन केंद्र सरकारची. पुढे 1999 मध्ये, जवळच बौद्ध स्तूप उभारू द्या, अशी मागणी झाली. राष्ट्रीय उद्यान खात्याने ती नाकारली. क्रूस चालतो आणि स्तूप चालत नाही, म्हणजे सरकारने निवड केली की नाही?

कोर्टात गेले फ्रँक ब्युओनो. त्याच खात्यातले निवृत्त अधिकारी, आणि धर्माने कॅथलिक! क्रूसाबद्दल त्यांना राग नव्हता. सरकारच्या जमिनीवर एकाच धर्माला जागा, हे त्यांना पटेना. खालच्या कोर्टात ते जिंकले. अपिलं चालू असताना क्रूस प्लायवुडच्या खोक्यात झाकलेला होता. मध्येच तिथल्या संसदेने तोडगा काढला : खडकाचा एक एकर संघटनेला द्यायचा, बदल्यात पाच एकर खासगी जमीन घ्यायची. ही अदलाबदल खालच्या कोर्टाने अडवली होती. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी तो आदेश रद्द केला.

न्यायमूर्ती केनेडींचं म्हणणं असं, की हा क्रूस केवळ ख्रिस्ती श्रद्धा सांगत नाही, परदेशी रणभूमीवरच्या हजारो कबरींची आठवण देतो. न्यायमूर्ती स्टीव्हन्स स्वतः दुसऱ्या महायुद्धात नौदलात होते. त्यांना हे मान्य नव्हतं. क्रूस सांगतो ते एकाच, विशिष्ट बलिदानाबद्दल. सगळ्या सैनिकांचं चिन्ह तो कसा होईल? ज्यू सैनिकाच्या कबरीवर तो नसतोच.

मला अडतं ते इथे. चिन्ह वाचवायचं म्हणून त्यातला धर्मच काढून घ्यायचा. 'हा धर्म नाही हो, संस्कृती आहे', हे आपल्याकडच्या कचेऱ्यांतही ऐकू येतंच. मग ज्याची त्यावर खरी श्रद्धा आहे त्याच्या हाती काय उरलं? माझ्या मते स्टीव्हन्सनीच क्रूसाचा जास्त मान राखला.

निकालानंतर दोन आठवड्यांच्या आत तो क्रूस चोरीला गेला. अदलाबदल पुरी झाल्यावर, 2012 च्या नोव्हेंबरात, माजी सैनिक दिनी तिथे नवा उभा राहिला. तो एक एकर आता खासगी आहे. भोवतालचं वाळवंट सरकारचंच.